तारखेचा रकाना आणि ‘समजावी’ हा शब्द

कोल्हापूरच्या जुन्या पेठा वारांच्या नावांनी ओळखल्या जातात. त्यांतील मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटी आणि नंगीवली चौकाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वयोवृद्धांकडे जन्माची चौकशी केली, तर वार सांगणारे भेटतात, सण सांगणारे भेटतात, ‘कोयनेच्या भूकंपानंतर आठ दिवसांनी’ असे सांगणारेही भेटतात. दिवस, महिना आणि वर्ष अशी तिन्ही अंगे असलेली इंग्रजी तारीख मात्र त्यांतील अनेकांना खात्रीने सांगता येत नाही. आजवर यावाचून त्यांचे फारसे अडलेही नव्हते. आता अडते आहे. निवृत्तिवेतन असो, भविष्यनिर्वाह निधी असो, एसटीची सवलत असो, की एखाद्या शासकीय योजनेचा हप्ता. प्रत्येक अर्जात जन्मतारखेची चौकट असते आणि ती पूर्ण भरल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही.

संगणकाच्या व्यवसायात ही बाब किरकोळ समजली जाते. ‘तारखेच्या रकान्याचा प्रकार जुळत नाही’ अशा आशयाचा संदेश पडद्यावर येतो, नोंद अद्ययावत होत नाही, मग कोणीतरी जाणकार येऊन ‘काहीतरी करून’ ती बसवतो. प्रश्न असा, की हे ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय? संगणकाचा आक्षेप दूर करण्यासाठी माहिती सुधारली जाते, की माहितीच्या जागी सोयीची तारीख ठेवली जाते? या प्रश्नाच्या उत्तरावर अनेकांची पैशांची आणि हक्कांची गणिते अवलंबून आहेत.

संगणक का अडतो?

डेटाबेस म्हणजे ढोबळमानाने एक मोठा तक्ता. त्यातील प्रत्येक रकान्याला एक प्रकार ठरवून दिलेला असतो. अक्षरांच्या रकान्यात काहीही लिहिता येते. ‘आषाढी एकादशी’ असे लिहिले, तरी तो तक्रार करत नाही. तारखेच्या रकान्याचे तसे नाही. तेथे कॅलेंडरात असलेला, पूर्ण आणि निःसंदिग्ध दिवसच लागतो. ३१ जून चालत नाही, लीप वर्ष नसताना २९ फेब्रुवारी चालत नाही आणि नुसते ‘१९५८’ही चालत नाही. हा काटेकोरपणा उपयोगाचाच आहे. वय मोजणे, क्रम लावणे, मुदत काढणे ही सारी कामे त्यामुळेच बिनचूक होऊ शकतात. अक्षरांच्या रकान्यात ठेवलेल्या तारखा क्रमाने लावायला सांगितल्या, तर ‘०२/०१/१९९०’च्या आधी ‘०१/१२/२००५’ येते. कारण तेथे संगणक काळ पाहत नाही, एकेक अक्षर पाहतो.

अडचण सुरू होते ती जुनी माहिती नव्या व्यवस्थेत नेताना. मायएसक्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत पूर्वी चुकीची तारीख दिली, की नुसता इशारा देऊन त्या जागी सगळी शून्ये भरली जात. शून्यावा दिवस, शून्यावा महिना, शून्यावे वर्ष! २०१५ मध्ये आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून काटेकोर पद्धत हाच मूळ नियम झाला आणि वर्षानुवर्षे गुपचूप साठलेली ही शून्ये नव्या तक्त्यात नेताना किंवा तक्त्याची रचना बदलताना एकदम आडवी येऊ लागली. कालपर्यंत चालणारी व्यवस्था आज का अडते, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. वास्तविक दोष कालचा होता. तो दिसू लागला आज, एवढेच.

दुसऱ्या प्रणालींच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये जुन्या प्रकारच्या तारखेच्या रकान्याला रिकामी अक्षरमाला दिली, तर तो नकार देत नाही. मुकाट्याने १ जानेवारी १९०० अशी नोंद करतो. दोन अंकी वर्षाचा अर्थही प्रत्येक प्रणाली आपापल्या नियमाने लावते. ‘५८’ या वर्षाला एसक्यूएल सर्व्हर एरवी १९५८ समजतो, तर मायएसक्यूएल २०५८! निवृत्त झालेला माणूस दुसऱ्या प्रणालीत अजून जन्मालाच यायचा असतो.

नकारापेक्षा होकार घातक

या सर्वांत सर्वसामान्यांना अधिक जाच होतो तो दिवस आणि महिना यांच्या अदलाबदलीचा. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी लिहितात. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी ठेवलेली असेल, तर ‘०१/०६/१९६७’ म्हणजे १ जून नव्हे, ६ जानेवारी होतो.

येथे थोडे अंकगणित करून पाहण्यासारखे आहे. साध्या वर्षात ३६५ तारखा असतात. त्यांपैकी २२१ तारखांत दिवसाचा आकडा १२ च्या वर असतो. अशी तारीख उलट्या क्रमाने वाचता येत नाही, कारण तेरावा महिना नसतो. संगणक नकार देतो. १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ तारखा उलटसुलट सारख्याच असतात. उरलेल्या १३२ तारखा मात्र बिनबोभाट बदलतात. ना इशारा, ना नकार. म्हणजे ज्याचा अर्ज पहिल्याच फटक्यात स्वीकारला गेला, तो सुटला असे नव्हे. कदाचित तोच अडकलेला असतो आणि त्याचा पत्ता त्याला दहा वर्षांनी, दावा फेटाळला जातो तेव्हा लागतो.

यात भर पडते ती एक्सेलची. शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांत याद्या बहुधा एक्सेलमध्ये तयार होतात आणि तेथून मुख्य डेटाबेसमध्ये चढवल्या जातात. एक्सेल तारीख साठवतो ती दिवसांच्या संख्येच्या रूपात. १ जून १९६७ म्हणजे त्याच्या हिशेबी २४६२४. ही संख्या जशीच्या तशी एसक्यूएल सर्व्हरला दिली, तर तेथे ३ जून १९६७ उमटतो. कारण दोघांची मोजणी वेगवेगळ्या अंकापासून सुरू होते आणि एक्सेल १९०० साल चुकीने लीप वर्ष धरतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी गमतीची गोष्ट म्हणजे, एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत ‘७/१२’ असे लिहिले, की भारतीय मांडणीत त्याचे ७ डिसेंबर होते आणि अमेरिकी मांडणीत १२ जुलै. सातबाराच्या राज्यात सातबारालाच तारीख समजणारे साधन आपण जमिनीच्या, घरांच्या आणि माणसांच्या याद्यांसाठी वापरतो. गट क्रमांक आणि हिस्सा लिहितानाही हेच घडू शकते. हा केवळ आपल्याकडचा अनुभव नाही. मानवी जनुकांची काही नावे एक्सेल तारखांत बदलून टाकत असल्यामुळे २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नामकरण समितीने त्या जनुकांचीच नावे बदलली. शास्त्रज्ञांना नाव बदलून सुटता आले. जन्मतारीख बदलून घेणे नागरिकाला तितके सोपे नसते.

१ जूनचे मानकरी

पण सगळा दोष संगणकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. महाराष्ट्रात १ जून हा ‘शासकीय वाढदिवस’ कसा झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पूर्वी शाळेत मुलाचे नाव घालताना पालकांकडे जन्माचा दाखला नसे. शाळा जूनमध्ये सुरू होत. प्रवेशासाठी वय पुरे व्हावे, म्हणून गुरुजी जनरल रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला, तेव्हापासून येथील शाळेच्या पटाला जे महत्त्व आले, त्याचा हा एक अनपेक्षित परिणाम म्हणता येईल : मुलाचे वय ठरवण्याचे काम अनेक घरांत शाळेच्या पटाने केले. गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. मुलाचे वर्ष वाया जाऊ नये, एवढेच त्यांना हवे होते.

त्या नोंदीचा परिणाम मात्र माणसाला आयुष्यभर पुरतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला शासकीय कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम असल्याने दर वर्षी ३१ मे रोजी राज्यभरातील कार्यालयांत निरोपसमारंभांची रांग लागते. निसर्गतः जन्म वर्षभर विखुरलेले असतात. निवृत्ती मात्र एका दिवशी गोळा होते. हे दृश्य म्हणजे तारखेच्या रकान्यात ठासून भरलेल्या अज्ञानाचा वार्षिक आलेखच होय.

त्यानंतर आधार आले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देशातील पहिल्या आधार क्रमांकाचे वाटप झाले, म्हणजे या प्रकरणाचाही आरंभ महाराष्ट्रातच झाला. ज्यांच्याकडे पुरावा नाही, त्यांचे वय विचारून त्यावरून जन्मवर्ष काढण्याची सोय आधारमध्ये होती आणि अशा अनेक कार्डांवर केवळ जन्मवर्षच छापले गेले. ही सोय प्रामाणिक होती. पण पुढच्या प्रत्येक अर्जाला पूर्ण तारीख हवी होती. मग वर्षाच्या मागे १ जानेवारी चिकटला. अशा रीतीने शाळेच्या दाखल्यावर १ जून आणि आधारशी जोडलेल्या नोंदीत १ जानेवारी, अशी एकाच माणसाची दोन वये तयार झाली. आणि दोन्ही ठिकाणी खरी तारीख नव्हतीच.

कोयनेच्या भूकंपाचा उल्लेख वर आलाच आहे. तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. त्यानंतर आठ दिवसांनी जन्म झाल्याचे घरात पक्के ठाऊक असेल, तर ती तारीख १९ डिसेंबर १९६७ च्या आसपासची आहे, हे कोणीही सांगू शकेल. पण ती आठवण पुरावा ठरत नाही आणि गुरुजींचा १ जून १९६७ पुरावा ठरतो. फरक साडेसहा महिन्यांचा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत वयाची कमाल मर्यादा ६५ वर्षे ठेवण्यात आली. योजना त्याच स्वरूपात चालू राहिली, तर अशा स्त्रीचे दरमहा दीड हजार रुपयांचे सहा हप्ते, म्हणजे नऊ हजार रुपये, एका गृहीत धरलेल्या तारखेपायी जातील. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला; तेथेही वयाचा उंबरठा तारखेनेच ठरतो.

सेवापुस्तकातील शहाणपण

आपल्या जुन्या प्रशासनाला हा प्रश्न ठाऊक नव्हता, असे नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ मधील ३८ वा नियम या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखा आहे. कर्मचाऱ्याचे केवळ जन्मवर्ष माहीत असेल, तर १ जुलै ही जन्मतारीख समजावी. वर्ष आणि महिना माहीत असेल, तर त्या महिन्याची १६ तारीख समजावी, असे तो सांगतो. यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे, निवड मध्यावरची आहे : वर्षाचा मध्य आणि महिन्याचा मध्य. त्यामुळे संभाव्य चूक दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. १ जानेवारी धरला, तर मात्र चूक नेहमी एकाच बाजूला, वय वाढवण्याकडे, झुकते. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘समजावी’ हा शब्द. ही तारीख खरी आहे, असा दावा नियम करत नाही. व्यवहारासाठी ती गृहीत धरली आहे, हे तो उघड सांगतो.

संगणकाच्या तारखेच्या रकान्यात या ‘समजावी’ला जागाच नाही. खात्रीची १ जुलै आणि गृहीत धरलेली १ जुलै तेथे अगदी सारखी दिसते. कागदावर शेरा होता, कारकुनाची सही होती, खाडाखोड दिसत होती. रकान्यात फक्त आठ अंक उरतात. संगणकीकरणात आपण नेमके काय गमावले, याचे यापेक्षा नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

हा भेद किती महाग पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात दिसले. मोटार अपघातात मरण पावलेल्या एका व्यक्तीच्या कुटुंबाला द्यायच्या भरपाईचा तो वाद होता. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९६९ होती, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ७ ऑक्टोबर १९७०. वय ४५ च्या आतले धरायचे की वरचे, यावर भरपाईचा गुणक १४ की १३ हे ठरणार होते. न्यायालयाने शाळेचा दाखला ग्राह्य मानला आणि आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे स्पष्ट केले. आधार प्राधिकरणानेही डिसेंबर २०२३ च्या परिपत्रकात हीच भूमिका घेतली होती आणि जानेवारी २०२४ मध्ये भविष्यनिर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळले. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात एक शंका राहतेच : शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल, तर पुढे काय? एका गृहीताकडून दुसऱ्या गृहीताकडे गेल्याने सत्य हाती लागत नाही.

इतिहासालाही हेच कुंपण

सामान्य माणसाच्या जन्मतारखेला जे भोगावे लागते, ते थोरांनाही चुकलेले नाही. शाहू महाराजांचीच जन्मतारीख जुन्या अनेक ग्रंथांत २६ जुलै १८७४ अशी आढळते. आज जयंती साजरी होते ती २६ जूनला. शिवछत्रपतींची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तिची शासनमान्य तारीख १९ फेब्रुवारी १६३० ही तेव्हाच्या ज्युलियन कॅलेंडरनुसार आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० होतो. म्हणजे नुसती तारीख देऊन भागत नाही, ती कोणत्या कॅलेंडरातील, हेही सांगावे लागते.

एसक्यूएल सर्व्हरचा जुना तारीख-प्रकार तर १ जानेवारी १७५३ च्या आधीचे काहीच स्वीकारत नाही. ब्रिटनने १७५२ मध्ये कॅलेंडर बदलले. त्याआधीच्या तारखांचा गुंता नको, म्हणून तेथे कुंपण घालण्यात आले. परिणामी ६ जून १६७४ हा रायगडावरील राज्याभिषेकाचा दिवस त्या रकान्यात लिहिताच येत नाही. २००८ च्या आवृत्तीत आलेल्या नव्या प्रकाराने हे कुंपण हटवले. कोल्हापूरसारख्या, मोडी दफ्तरांनी समृद्ध असलेल्या शहरात जुन्या कागदांच्या सूची संगणकावर करू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. परक्या राजधानीतील कायद्याने आखलेली सीमा आपल्या इतिहासाला लागू होण्याचे काही कारण नाही.

दुरुस्तीची दिशा

मग उपाय काय? सुदैवाने तो खर्चिक नाही, शिस्तीचा आहे. मुळातील नोंद जशी लिहिली आहे, तशीच अक्षरांच्या रकान्यात जपावी; मग ती ‘१९५८ अंदाजे’ असो, की ‘शके १८८०, श्रावण’. तिच्या शेजारी व्यवहारासाठीची तारीख तारखेच्याच रकान्यात ठेवावी. आणि तिसऱ्या रकान्यात ही तारीख किती खात्रीची आहे ते नोंदवावे : पूर्ण ज्ञात, केवळ महिना ज्ञात, केवळ वर्ष ज्ञात, की नियमानुसार समजलेली. आधारच्या मूळ नोंदीत ‘पडताळलेली’, ‘घोषित’ आणि ‘अंदाजे’ असे भेद केलेलेच आहेत. कार्डावरून तारीख उतरवून घेताना मात्र हा शेरा मागे राहतो आणि तारीख तेवढी पुढे जाते. शेराही सोबत गेला पाहिजे. आणि जेथे काहीच ठाऊक नाही, तेथे रकाना रिकामा ठेवण्याची मुभा असली पाहिजे. रिकामा रकाना चौकशी करायला लावतो. खोटी तारीख चौकशीच थांबवते.

याद्या चढवताना तारखा थेट मुख्य तक्त्यात घालू नयेत. आधी सर्व मजकूर अक्षरांच्या रूपात वेगळ्या तक्त्यात घ्यावा, प्रत्येक तारीख कोणत्या क्रमाने वाचायची हे स्पष्ट सांगून तपासावी आणि न बसणाऱ्या नोंदींची यादी माणसाच्या हाती द्यावी. तारखांची देवाणघेवाण वर्ष, महिना, दिवस या क्रमानेच व्हावी. हा आंतरराष्ट्रीय संकेत १९८८ पासून प्रमाणित आहे. जन्मतारखेसाठी वेळेसह तारीख साठवणारा प्रकार वापरू नये. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीची नोंद जागतिक वेळेत आदल्या दिवशी सायंकाळी साडेसहावर जाते आणि १ जूनचा ३१ मे होतो. काम झाल्यावर साधी मोजदादही करावी. १ जानेवारी, १ जून, १ जानेवारी १९०० या तारखांवर किती नोंदी साचल्या आहेत? तेराव्या दिवसापासून पुढच्या तारखा अचानक विरळ झाल्या आहेत का? उत्तर ‘होय’ असेल, तर चूक माणसांच्या जन्मात नाही. ती आपल्या कामात आहे.

नागरिकासमोरील अर्जातही बदल सहज शक्य आहे. महिना अंकाऐवजी नावाने निवडायला दिला, तर १३२ तारखांची ती मुकी अदलाबदल अर्जापुरती तरी जागच्या जागी थांबेल. ‘तारीख माहीत नाही, फक्त वर्ष माहीत आहे’ असा एक पर्याय दिला, तर सेवा केंद्रातील चालकाला खोटे लिहिण्याची सक्ती राहणार नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली आणि त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंतचा जन्मतारखेचा एकमेव पुरावा ठरला. नव्या पिढीचा प्रश्न त्यामुळे बऱ्याच अंशी सुटेल. पण त्याआधी जन्मलेल्यांचे काय? आधारवरील जन्मतारीख एरवी एकदाच बदलता येते. सेवापुस्तकातील बदलासाठी सामान्यतः नोकरीत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आणि शाळा सोडल्यानंतर दाखला बदलून घेणे किती कठीण, हे ज्याने प्रयत्न केला त्यालाच माहीत. चूक व्यवस्थेने करायची आणि प्रतिज्ञापत्रे, राजपत्रे, हेलपाटे यांचा भार नागरिकाने वाहायचा, ही रीत बदलली पाहिजे. जेथे मूळ कागद आणि संगणकातील तारीख यांत तफावत यांत्रिक कारणाने पडली आहे, दिवस आणि महिना उलटले आहेत किंवा एक दिवस मागे गेला आहे, तेथे कार्यालयाने आपण होऊन दुरुस्ती करावी. अशी चूक ओळखता येते, मोजता येते आणि एकगठ्ठा सुधारताही येते.

तारखेचा रकाना हट्टी आहे, ही त्याची खोड नव्हे. तो त्याचा गुण आहे. त्याने नकार दिला, की ‘ही माहिती अपुरी आहे’ असे तो सांगत असतो. त्या नकाराला उत्तर म्हणून सोयीची तारीख देणारे हात मात्र माणसाचे असतात. साठी-सत्तरी ओलांडलेल्या एका मोठ्या पिढीची खरी जन्मतारीख आता कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. ती माहीत नाही, हे लिहून ठेवण्याइतका प्रामाणिकपणा निदान त्यांच्या नोंदींच्या वाट्याला यावा.